बॅटरीला शिवलेली खोळ

बसा जरा. आज अशी गोष्ट सांगतो की घरी जाऊन सांगितलीत तर घरचे तुमच्या कपाळाला हात लावून बघतील, ह्याला ऊन तर लागलं नाही ना म्हणून. पण खरी आहे. निम्मी गल्ली तिथं उभी होती, आणि आमची गल्ली एरवी कुठल्याच गोष्टीवर एकमतानं गप्प बसत नाही.

तर आमच्या गल्लीच्या टोकाला ड्रायव्हर राहतो. नाव असेल त्याला, पण आयुष्यभर बस चालवली म्हणून सगळे ड्रायव्हरच म्हणतात. बायकोसुद्धा म्हणते, फक्त रागावली असली की. आणि त्याची बायको म्हणजे खोळकाकू. शिवणकाम करते. हात असा की कापड तिच्या मशीनखाली गेलं की आपणहून सरळ चालतं. पण तिला एक खोड. उघडी वस्तू बघवत नाही. त्या घरात टीव्हीला खोळ, रिमोटला खोळ, मिक्सरला खोळ, गॅसच्या सिलिंडरला झालर लावलेली खोळ. खुर्च्यांना खोळी, आणि त्या खोळी मळू नयेत म्हणून त्यांच्यावर दुसऱ्या खोळी. ड्रायव्हर म्हणतो, मी घरात एका जागी फार वेळ बसत नाही, ही माप घेईल.

अशा घरात ती पेटी आली.

छपरावर सोलरची तावदानं आणि जिन्याखालच्या खोलीत पेटी. कमरेइतकी उंच, पांढरीशुभ्र, वरून सपाट, पुढं छोटासा पडदा आणि त्यावर आकडे. आत एक बॅटरी आणि बॅटरीतली वीज घराला पुरवणारा इन्व्हर्टर, दोघं एकाच कपाटात, नवराबायकोसारखे. दिवसा छपरावर ऊन पडतं, ते पेटीत भरतं, आणि लाइट गेले की पेटी घर चालवते. सांगायला एवढंच. पण पहिल्यांदा गल्लीतले लाइट गेले आणि ड्रायव्हरच्या घरातला दिवा लुकलुकलासुद्धा नाही, तेव्हा लोक आपापल्या अंधारातून बाहेर येऊन त्या खिडकीकडं बघत उभे राहिले. ड्रायव्हरनं सगळ्यांना आत बोलावलं. जिन्याखालच्या खोलीच्या दारात आल्यावर त्यानं आवाज एकदम खाली आणला.

“हे दुपारचं ऊन आहे,” तो म्हणाला. “आपण जेवून पडलो होतो ना, तेव्हाचं.”

 समोरच्या वहिनींनी चपला दाराबाहेर काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मग सगळ्यांनीच काढल्या.

तेव्हापासून ड्रायव्हरचा दिवस पेटीपासून सुरू व्हायचा. डेपोतून बस काढताना जसा तो गाडीभोवती फेरी मारायचा तशी पेटीभोवती फेरी. वाकून खालची जाळी बघायची, बाजूची जाळी बघायची, कान लावायचा, मग पडद्यावरचा आकडा बघून बायकोला ओरडून सांगायचं, टाकी फुल्ल. पेटी बसवायला आलेल्या इंजिनियर ताईनं जे जे सांगितलं होतं ते सगळं त्याला तोंडपाठ. पाणी लागू द्यायचं नाही, धूळ बसू द्यायची नाही, चारी बाजूंना मोकळी जागा ठेवायची. ताई गेल्या गेल्या त्यानं जिन्याखालचे सगळे डबे, छत्र्या, जुनी सायकल, सगळं बाहेर काढलं. सायकल अजून बाहेरच आहे. पेटीची जागा म्हणजे जागा.

आता गडबड कुठं झाली ते ऐका. शेजारच्या प्लॉटवर फरशीवाला आला. घर बांधत होते तिथं, आणि हा दिवसभर मशीन लावून दगडी फरश्या कापायचा. धूळ अशी की सकाळी काळा कुत्रा गल्लीत शिरला की दुपारी पांढरा होऊन बाहेर पडायचा. ती धूळ जिन्याखालच्या खोलीत जायला लागली. ड्रायव्हर पुसून काढायचा, तासाभरात पुन्हा थर. फरशीवाल्याला समजावून झालं, भांडून झालं. तो म्हणाला, काका, दगड कापल्यावर काय साखर पडणार? ड्रायव्हर खिडकीला ओला पडदा लावून आला, तरी उपयोग नाही. शेवटी एका सकाळी तो आत आला तर खोळकाकू गळ्यात टेप घालून पेटीपुढं गुडघ्यावर बसलेली. माप घेत होती.

त्याला जरा शंका आली होती, नाही असं नाही. हवा लागते म्हणाली होती ताई, असं तो पुटपुटला.

“कापड आहे, पत्रा नाही,” खोळकाकू म्हणाली. “माणूस कपड्यात श्वास घेतो की नाही?”

ड्रायव्हरनं टेपचं दुसरं टोक धरलं. आणि खोळ तयार झाली तेव्हा तर विचारायची सोयच उरली नाही. काय खोळ होती ती. आत कापूस भरलेला, वरून बारीक चौकड्यांची शिलाई, कडेला निळी गोट. पुढून वरपासून खालपर्यंत बटणं. पडदा दिसावा म्हणून बरोबर त्याच्यासमोर पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी, आणि त्या खिडकीलासुद्धा वरून एक छोटी झडप, ऊन लागू नये म्हणून. जिन्याखाली ऊन कुठून येणार हे विचारू नका. ड्रायव्हरनं खोळीभोवतीसुद्धा एक फेरी मारली. मग म्हणाला, बनवणाऱ्यांना सुचायला हवं होतं हे.

पेटी आतून कशी होती? पेटी तापत होती. पण हळूहळू, आणि भार घरापुरताच होता तोवर तिनं सोसलं. आकडे खिडकीतून दिसत होते, त्यातला टाकीचा आकडा ड्रायव्हर बघायचा, तापमानाचा बघायचा नाही. तो बारीक अक्षरात होता.

मध्येच घरात दुःख झालं. खोळकाकूचं एक बदक होतं. पांढरं, चालण्यात असा तोरा की तिचं नावच बाईसाहेब पडलेलं. मागच्या तळ्यावर दिवस काढायची आणि संध्याकाळी खोळकाकूच्या शिवणमशीनखाली येऊन बसायची. मशीन चालू असलं की पायाशी बदक, असं कितीतरी वर्षं. खोळकाकूच्या घरात ज्याला खोळ नव्हती असा हा एकच जीव. बाईसाहेब तळ्याकाठी अंड्यांवर बसली होती आणि एक दिवस भटक्या कुत्र्यांनी तिला नेलं. खोळकाकू धावत गेली तोवर पिसंच उरली होती. पण अंडी गवतात तशीच, गरम. तिनं ती ओटीत घेतली आणि घरापर्यंत वाकून चालत आली, वारा लागू नये म्हणून. त्या दिवशी मशीन चाललं नाही त्यांच्या घरात. तिनं एवढंच सांगितलं, तिचं एवढंच मागं राहिलंय, हे मला जगवायचंय.

ड्रायव्हरनं थर्माकोलचा खोका घेतला, त्यात बल्ब लावला, बल्ब आपोआप लागेल-विझेल असं यंत्र जोडलं, वाटीत पाणी ठेवलं आणि त्यात अंडी ठेवली. वायर पेटीच्या लाइनवर. गल्लीतले लाइट गेले तरी हा बल्ब जाणार नाही, अशी त्यानं बायकोला खात्री दिली. खोळकाकू दिवसातून किती तरी वेळा अंडी फिरवायची आणि एकेक उचलून मिटलेल्या पापणीला लावून बघायची. पापणीला जे सोसतं ते अंड्याला सोसतं, म्हणायची. दिवस भरत आले. अंड्याला कान लावला की आत काहीतरी हलतंय असं वाटायला लागलं.

आणि नेमका ट्रक खांबावर गेला.

भर दुपारी, गल्लीच्या तोंडाशी. फरश्या घेऊन आलेला ट्रक मागं घेताना खांब आडवा केला. माणसाला खरचटलं नाही, पण तारा तुटून रस्त्यावर. लाइटवाले आले, बघितलं आणि म्हणाले, उद्या दुपारशिवाय काही खरं नाही. सगळी गल्ली ड्रायव्हरच्या घराकडं बघायला लागली. आणि ड्रायव्हर मोठ्या मनाचा. बसमध्ये जागा नसली तरी थांबवून माणूस घेणारा.

आधी आले मोबाइल. ते काय, पेटीच्या नाकावरच्या माशीएवढे. मग समोरच्या वहिनी आल्या, त्यांच्या फ्रीजमध्ये औषधं होती. लांब वायर टाकून फ्रीज जोडला. एका फ्रीजला दिलं तर दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? दुसरा जोडला. मग इस्त्रीवाला आला, कपड्यांचा गठ्ठा दाखवून म्हणाला, भाऊ, संध्याकाळी गिऱ्हाईक दारात उभं राहणार. ती त्याची भलीमोठी इस्त्री, पेटीनं तीसुद्धा घेतली. लोक एकेक करून येऊन जिन्याखाली डोकावून जात होते आणि म्हणत होते, काय ताकद आहे. ड्रायव्हर दाराशी उभा राहून छाती फुगवून सांगत होता, अजून अर्धी टाकी आहे.

पण वरून उन्हानं भरणं चालू, खालून सगळ्या गल्लीनं उपसणं चालू, आणि अंगात कापसाची बंडी. पेटी बोंबलायला लागली. टीं, टीं, टीं. खिडकीत लाल दिवा. आता ड्रायव्हरनं बारीक अक्षरं वाचली आणि कळलं की तापली आहे. इथं दुसरा कुणी असता तर त्यानं आधी खोळ ओढून काढली असती. पण ड्रायव्हरनं सगळं आयुष्य तापणाऱ्या इंजिनाशेजारी काढलं होतं, आणि त्याचा एक नियम होता. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, वाफ तोंडावर येते. जसं आहे तसं थांबायचं आणि वारा घालायचा. म्हणून त्यानं खोळीचं एक बटणसुद्धा उघडलं नाही. मोठा उभा पंखा आणला, खोळीसमोर ठेवला आणि जोरात लावला. पंख्याची पिन पेटीतच. म्हणजे पेटीनंच स्वतःला वारा घालायचा आणि त्यासाठी स्वतःच राबायचं.

मग ताईला फोन लावला. ती कुठंतरी लांब दुसऱ्या कामावर होती.

“काका, चारी बाजूंना वीतभर जागा मोकळी आहे ना?”

“दोन दोन वीत आहे.”

“वर काही ठेवलंय का? डबा, पेपर, काही?”

“ताई, त्या पेटीवर मी माझा चष्मा ठेवत नाही.”

“जाळीत धूळ साचली असेल.”

“धुळीचा कण नाही,” ड्रायव्हर म्हणाला आणि बायकोकडं बघून मान हलवली, तुझंच श्रेय म्हणून.

माणूस एक अक्षर खोटं बोलला नाही. त्याच्या लेखी खोळ म्हणजे पेटीवर ठेवलेली वस्तू नव्हतीच. तुम्हाला कुणी विचारलं, अंगावर काही ठेवलंय का, तर तुम्ही शर्ट सांगाल का? ताई बिचारी गोंधळली. म्हणाली, मग लोड जास्त असेल, सगळं काढा, गार झाली की आपोआप चालू होईल, मी सकाळी येते.

पण काढायची वेळच आली नाही. फोन ठेवला आणि आत खट्ट झालं. पंखा फिरता फिरता थांबला. इस्त्री गार. मोबाइल, फ्रीज, सगळं गप. आणि थर्माकोलच्या खोक्यातला बल्ब गेला.

दिवस मावळायला आला होता. लोक आपापल्या वायरी गुंडाळून निघून गेले. इस्त्रीवाला जाताना म्हणाला, भाऊ, माझ्यामुळं झालं का? ड्रायव्हर म्हणाला, नाही रे बाबा. पण त्याचं लक्ष स्वयंपाकघरात होतं. खोळकाकू खोक्यापुढं बसली होती आणि घरातल्या एकेक खोळी आणून त्याला गुंडाळत होती. टीव्हीची, मिक्सरची, खुर्च्यांच्या दुहेरी. गरम पाण्याच्या बाटल्या आत सरकवल्या, त्या थोड्या वेळात गार. तिनं एक अंडं पापणीला लावलं आणि तसंच धरून राहिली. ड्रायव्हर दारात उभा होता. बल्ब जाणार नाही, असं त्यानंच सांगितलं होतं. तिनं ते एकदासुद्धा बोलून दाखवलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

“सगळ्यात जाड खोळ पेटीची आहे,” ती उठत म्हणाली. “तीच आणते.”

ती जिन्याखाली गेली, वरचं बटण काढलं, आत हात घातला, आणि तशीच थांबली. ड्रायव्हरला वाटलं, भाजलं. धावत गेला.

“अहो, हात घाला इथं.”

“तापलेल्या मशीनला हात...”

“घाला म्हणते ना.”

त्यानं घाबरत घाबरत हात घातला. आणि काय सांगू तुम्हाला. चटका नाही, झळ नाही. पंखा बंद पडल्यावर, लोड गेल्यावर, ती अवजड पेटी आतल्या आत निवत चालली होती, पण खोळीमुळं अगदी सावकाश. वरच्या सपाट जागेवर कापसाखाली मऊ, दाट ऊब भरून राहिली होती. बाईसाहेब अंड्यांवर बसलेली असताना तिच्या पोटाखाली हात घातला की लागायची, तीच. दोघं नवराबायको तशीच उभी राहिली, एकाच खोळीत दोघांचे हात.

“दुपारचं ऊन आहे हे,” खोळकाकू म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं ते म्हटलं.

मग कापसाची गादी केली, अंडी एकेक करून पेटीच्या डोक्यावर मांडली, शेजारी ओलं फडकं ठेवलं आणि वरून खोळ लावली. रात्रभर आळीपाळीनं जागले. जास्त गरम वाटलं की खोळकाकू एक बटण उघडायची, कमी वाटलं की लावायची. बल्बच्या यंत्राला जे जमायचं नाही ते ती बटणांवर करत होती. ड्रायव्हर बॅटरी घेऊन, म्हणजे हातातली हो, तिच्या बोटांवर उजेड धरून बसला होता. त्याची ती लाडकी पेटी, जिच्यावर चष्मा ठेवायचा नाही, तिच्या डोक्यावर आता ओलं फडकं आणि बदकाची अंडी. पण माणूस हूं की चूं करेना.

सकाळी ताई आली. दारात निम्मी गल्ली आधीच जमलेली, कुणाच्या हातात मोबाइल, कुणाच्या हातात दुधाचं पातेलं. ताई सामानाची पिशवी घेऊन जिन्याखाली वाकली आणि वाकलेलीच राहिली.

“काका, हे काय आहे?”

“खोळ.”

“कधीपासून?”

“धूळ यायला लागल्यापासून.”

ताई तिथंच जमिनीवर बसली. रडावं की हसावं असं तिचं तोंड झालं होतं. मग शहाण्या मुलीसारखं समजावून सांगितलं. पेटीला घाम येत नाही, तिला वाराच लागतो, तो जाळ्यांतून आत जातो आणि बाहेर येतो. असं गुंडाळून ठेवलं तर बॅटरीचं आयुष्य आतून झिजत जातं. आत्ताच्या आत्ता खोळ काढा, मोकळी होऊ दे, म्हणजे तपासून चालू करते. असं म्हणून तिनं पहिल्या बटणाला हात घातला, तर खोळकाकू मध्ये येऊन उभी. हातात मोठी कात्री, कारण ती घरात नेहमीच तिच्या हातात असते, पण ताई दोन पावलं मागं सरली.

खोळकाकूनं अंड्यांचं सांगितलं. आता हलवायची नाहीत, उघडी पडायची नाहीत, आजचा दिवस मधे येऊ नका. मागून लोक कुजबुजायला लागले. वहिनींची औषधं होती, इस्त्रीवाल्याचा गठ्ठा होता. ताई म्हणाली, काकू, तुमचं पटतंय मला, पण असंच ठेवलं आणि आत काही बिघडलं तर ही पेटी परत तशी होणार नाही. आणि तिनं ड्रायव्हरकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. पेटी त्याची होती.

ड्रायव्हरनं पेटीच्या अंगावरून हात फिरवला, खोळीवरूनच.

“पेटी दुसरी मिळेल,” तो म्हणाला. “बाईसाहेब नाही मिळायची.”

गल्लीत कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि त्या शांततेत तो आवाज आला. टक. मग थोड्या वेळानं, टक टक. ताई पुढं आली, खोळीला कान लावला. असल्या पेट्या तिनं पुष्कळ ऐकल्या होत्या, कुठला पंखा घासतो, कुठला खटका बसत नाही, ते ती नुसतं ऐकून सांगायची. तिनं डोळे मिटले, ऐकलं, आणि हळूच म्हणाली, काका, हा आवाज आम्हाला शिकवलेला नाही.

अंडी आतून टोचली जात होती.

मग ताईचं डोकं चाललं. ती जमिनीवर पालथी पडली, टॉर्च मारला, आणि म्हणाली, जाळ्या खाली आहेत आणि दोन्ही बाजूंना आहेत. वरचं झाकण बंदच असतं. वरची खोळ राहू दे, खालची काढू. पण बटणं फक्त पुढं होती, बाजूंनी खोळ अखंड. उसवायला बसलं तर खोळ ओढली जाणार, अंडी हलणार. सगळे खोळकाकूकडं बघायला लागले. ह्या बाईनं उभ्या जन्मात शिवलेलं कापड कापलेलं नाही. उसवते, पण कापत नाही. तिनं एकदा त्या निळ्या किनारीवरून अंगठा फिरवला. मग कात्री घातली आणि पेटीच्या चारी बाजूंनी, डोक्याखाली चार बोटं सोडून, सरळ कापत गेली. खोळ गळून खाली पडली. वर राहिली नुसती टोपी.

कोंडलेली ऊबदार हवा भसकन बाहेर आली, माझ्यापर्यंत लागली. ताईनं दोन्ही बाजूंना पुठ्ठ्यानं वारा घालायला माणसं बसवली, त्यात इस्त्रीवाला सगळ्यात पुढं. बराच वेळ गेला. मग तिनं तपासलं, एक खटका पाडला, एक उचलला. आत खट्ट झालं आणि पेटी बोलायला लागली. हंऽऽऽ, असा खोल, एकसुरी आवाज, छातीत जाऊन बसणारा. आणि त्या आवाजाबरोबर, खोटं सांगत नाही, टोपीखालचं टकटक दुप्पट झालं.

खोळकाकूनं टोपीची कड उचलली. एका अंड्याला तडा गेला होता. तडा लांबला, कवच सरकलं, आणि आतून ओलं, पिवळं, थकलेलं काहीतरी बाहेर आलं आणि पेटीच्या पत्र्यावर पोट टेकून पडलं. मग दुसरं. मग तिसरं. फरशीवाला शेजारून मशीन बंद करून आला होता, डोळ्यांच्या पापण्यांसकट पांढरा. वहिनी होत्या, लाइटवाल्यांपैकी एक जण हातात वायर तशीच घेऊन आलेला. सगळे त्या एवढ्याशा खोलीच्या दारात एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. कालचं ऊन रात्रभर त्या लोखंडात राहिलं होतं आणि आज पायांवर उभं राहत होतं. पेटीनं घरातले दिवे लावल्याचं कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. ताईनं डोळे पुसले आणि म्हणाली, धूळ फार आहे इथं.

पेटी वाचली. आयुष्य थोडं कमी झालं असेल म्हणाली ताई, पण माणसाचं तरी कुठं तेवढंच राहतं. फरशीवाला आता पाणी मारून दगड कापतो. खोळकाकूनं पेटीला पुन्हा खोळ शिवली नाही, खिडकीला जाळी शिवली. एवढ्यावर सगळं सुखानं संपायला हवं होतं.

पण पिल्लांनी जगात आल्यावर पहिल्यांदा जे ऐकलं ते पेटीचं हंऽऽऽ. त्यांच्या हिशेबानं आई म्हणजे ती. खोळकाकूनं किती लाड केले, चारलं, छातीशी धरलं, तरी सोडलं की रांगेत तुरूतुरू जिन्याखाली. दिवसभर पेटीला चिकटून. उन्हाला जोर असला आणि पेटी मोठ्यानं घुमायला लागली की आनंदानं पंख फडफडवायची, संध्याकाळी आवाज मंद झाला की रडून घर डोक्यावर घ्यायची. ड्रायव्हर टोपलीत घालून तळ्यावर घेऊन गेला. पाण्याच्या कडेला सोडली, तर पाण्याकडं पाठ करून सगळी पुन्हा घराच्या रस्त्याला. बदकाची जात आणि पाण्यात पाय घालेना.

“आता काय पेटी उचलून तळ्यावर नेता?” खोळकाकू म्हणाली. पण तिच्या आवाजात काळजी होती. जगवली खरी, पण बदकं करायची राहिली होती.

ड्रायव्हर दोन दिवस पेटीला कान लावून बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो जिन्याखाली गेला, पेटीशेजारी बसला, तोंड मिटलं आणि छातीतून आवाज काढला. पेटीच्याच सुरात. हंऽऽऽ. पिल्लांनी माना वळवल्या. तो हळूच उठला, आवाज न तोडता दारातून बाहेर पडला, आणि पिल्लं एकामागून एक उंबऱ्यावरून उड्या मारत त्याच्या मागं. गल्लीतून, वळणावरून, तळ्यापर्यंत. श्वास नाकानं घ्यायचा, पण सूर सोडायचा नाही. पॅन्टसकट तो गुडघाभर पाण्यात शिरला, घुमत उभा राहिला, आणि पिल्लं क्षणभर काठावर थांबून त्याच्याभोवती पाण्यात उतरली. पोहायला लागली हो. खोळकाकू काठावर उभी होती. हसत होती की रडत होती, ते लांबून कळलं नाही.

आता रोज सकाळी जातो तो. तेव्हा तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. तळ्याच्या रस्त्यावर एखादा पोक्त माणूस तोंड मिटून घुमत चाललेला दिसला तर हाक मारू नका. बरं आहे का विचारू नका, किती वाजले विचारू नका. उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं की सूर तुटतो आणि त्याची सगळी लेकरं घरी पळतात. नुसते बाजूला व्हा. आणि गाडीवर असाल तर तेवढं इंजिन बंद करा बाबांनो. मागच्या आठवड्यात दूधवाल्याच्या मोटारसायकलीमागं गेली होती, बाजारापर्यंत.